पंडिता रमाबाई : शंकेंतून श्रद्धेकडे

विचार करूं लागलेल्या प्रत्येक मुलामुलीच्या मनांत केव्हां ना केव्हां धर्माविषयीं शंका उद्भवते, आणि ती वडील माणसांपुढें बोलून दाखविण्याचें बहुधा भय वाटतें. अशा वेळीं पंडिता रमाबाई यांचें चरित्र आठवावें.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रींतील गंगामूळच्या अरण्यांत झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृताचे मोठे विद्वान. स्त्रियांनीं ती भाषा शिकूं नये अशी रूढि असतां त्यांनीं ती आपल्या पत्नीस शिकविली, आणि मातेपासून ती रमाबाईंकडे आली. पुराणें सांगत व तीर्थें करीत हें कुटुंब देशभर पायीं हिंडे. पुढें दुष्काळ आला. अनंतशास्त्र्यांनीं होतें नव्हतें तें द्रव्य दानधर्मांत व अनुष्ठानांत वेंचलें. तथापि अन्न मिळालें नाहीं. थोड्या महिन्यांच्या अंतरानें पिता, माता व वडील बहीण हीं तिघेंही कालवश झालीं. उरलीं तीं दोन भावंडें, रमाबाई व श्रीनिवास.

एवढी भक्ति करूनही देवानें हांक कां ऐकिली नाहीं, हा प्रश्न तेव्हांपासून दोघांच्या मनांत घर करून बसला. हिमालयांतील एका सरोवरांत पुण्यवान यात्रेकरूंकडे डोंगर तरंगत येतात, अशी समजूत होती. श्रीनिवास पहांटे पाण्यांत उतरून पोहत गेला, तों ते डोंगर तराफ्यांवर रचलेले असून मागें माणसें लपलेलीं आहेत असें त्यास आढळलें.

इ. स. १८७८ मध्यें कलकत्त्याच्या विद्वानांनीं रमाबाईंस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या, आणि केशवचंद्र सेन यांनीं त्यांच्या हातीं वेद ठेविले. परंतु शास्त्रें वाचतां वाचतां त्यांस दिसून आलें कीं, ग्रंथकारांचीं मतें इतर बाबतींत कितीही भिन्न असलीं, तरी स्त्रियांस व शूद्रांस हीन लेखण्यांत बहुतेकांचें एकमत होतें. जिच्यामुळें आपला गौरव झाला तीच विद्या आपणांस दारांतून परत पाठविते, हें शल्य त्यांस फार लागलें. १८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. १८८२ च्या आरंभीं तेही पटकीनें निवर्तले. कडेवर लहानगी मनोरमा, आणि स्वतःचें वय अवघें तेवीस!

पुण्यास आर्य महिला समाज स्थापून १८८३ मध्यें त्या इंग्लंडास गेल्या. तेथें वाँटेजच्या मठांत राहत असतां, २९ सप्टेंबर रोजीं, त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. येथें शंकांचा शेवट झाला असें वाचकांस वाटेल. पण तसें झालें नाहीं. चेल्टनहॅम येथें अध्ययन करीत असतां त्रैक्य, ख्रिस्ताचें देवत्व, चर्चची सत्ता या एकेका सिद्धांतावर त्या प्रश्न विचारूं लागल्या. मनोरमा ज्यांस आजीबाई म्हणे, त्या सिस्टर जेराल्डिन यांस हा गर्व वाटला. एका पुरोहितवर्गाच्या जोखडांतून नुकतीच सुटलेली आपली सदसद्विवेकबुद्धि दुसऱ्याच्या स्वाधीन करणार नाहीं, असें रमाबाईंनीं नम्रपणें परंतु निश्चयानें कळविलें. मतभेद तीव्र झाले, तरी माया तुटली नाहीं. हा पत्रव्यवहार १९७७ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. मनास खरी शांति लाभली ती बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं, असें त्यांनीं स्वतःच नमूद केलें आहे.

१८८९ सालीं त्यांनीं मुंबईस विधवांसाठीं शारदा सदन काढिलें. पुढील वर्षीं तें पुण्यास नेलें. तेथें प्रत्येक मुलीस आपला आचार पाळण्याची मोकळीक होती. परंतु रमाबाईंच्या प्रार्थनेच्या खोलीचें दार उघडें असे, आणि कांहीं मुली तेथें येऊन बसूं लागल्या. १८९३ मध्यें मोठा क्षोभ झाला. अनेकांनीं मुली काढून नेल्या. रानडे व भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही दूर झाले. विश्वासानें मुली पाठविणाऱ्या आईबापांचें दुःख खोटें नव्हतें. आणि दार लावून प्रार्थना करणें हें रमाबाईंच्या स्वभावांत नव्हतें.

१८९६-९७ च्या दुष्काळांत त्या स्वतः मध्यप्रांतांत गेल्या आणि सुमारें तीनशें निराधार मुली व स्त्रिया यांस घेऊन आल्या. ज्या भुकेनें त्यांचे आईबाप नेले, तीच भूक त्या मुलींच्या डोळ्यांत त्यांनीं ओळखिली. केडगांवचें मुक्ति सदन याच मुलींनीं भरलें. उतारवयांत हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्यांनीं पवित्र शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. १९२१ मध्यें मनोरमाही गेली. तरी तें काम त्यांनीं हातावेगळें केलें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेविला.

विद्यार्थी मित्रहो, परक्यांचा धर्म तपासणें सोपें असतें. रमाबाईंनीं ज्या कसोटीनें आपल्या जन्माचा धर्म पारखिला, तीच आपण निवडिलेल्या धर्मासही लाविली, आणि उत्तराची वाट पाहत असतांना दुसऱ्यांचे अश्रु पुसण्याचें काम थांबविलें नाहीं. तुमच्या मनांत शंका आली तर ती प्रामाणिकपणें विचारा. आणि पालकहो, ती ऐकून रागावूं नका.