नकार पचवणारे वसंतराव

नकार मिळाला की आत काहीतरी दुखते. हे दुखणे केवळ मनाचे खेळ नव्हेत. २००३ साली अमेरिकेतील संशोधकांनी संगणकावरच्या चेंडूच्या खेळातून काही जणांना मुद्दाम वगळले आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. शारीरिक वेदनेच्या वेळी जो भाग सक्रिय होतो, त्याच भागात हालचाल वाढलेली दिसली. पुरुषांना मात्र हे दुखणे बोलून दाखवायचे नाही, असे लहानपणापासून शिकवले जाते. अशा वेळी यवतमाळ जिल्ह्याने राज्याला दिलेल्या वसंतराव नाईकांचे आयुष्य वाचण्यासारखे आहे.

वसंतरावांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी पुसद तालुक्यातील गहुली या गावी, बंजारा समाजातील फुलसिंग नाईकांच्या घरी झाला. प्राथमिक शिक्षणासाठी त्यांना आसपासच्या गावांत पायपीट करावी लागली. पुढे अमरावती आणि नागपूर येथे शिकून १९४० साली ते वकील झाले. १९४१ मध्ये त्यांनी नागपूरच्या वत्सला घाटे यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. त्या काळात असा विवाह सहज मान्य होणारा नव्हता. विरोध दोन्ही बाजूंनी झाला. वसंतराव भांडत बसले नाहीत आणि गावाकडे पाठही फिरवली नाही. अमरावतीत पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली उमेदवारी केल्यावर त्यांनी पुसदलाच वकिली थाटली. ज्यांच्यात राहायचे होते, त्यांच्यातच काम करत राहिले. १९४६ साली ते पुसदचे नगराध्यक्ष झाले, १९५२ साली आमदार झाले.

५ डिसेंबर १९६३ रोजी ते मुख्यमंत्री झाले. राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण करण्याचा त्यांनी ध्यास घेतला. संकरित बियाण्यांचा प्रसार झाला, चार कृषी विद्यापीठे उभी राहिली. मग १९७२ चा दुष्काळ आला आणि पिके करपली. हे अपयश मानून ते खचले नाहीत. दुष्काळी कामांवर लाखो हातांना काम देण्यात आले आणि रोजगार हमी योजना आकाराला आली.

सर्वांत मोठा नकार फेब्रुवारी १९७५ मध्ये आला. सलग अकरा वर्षांहून अधिक काळ सांभाळलेले पद दिल्लीच्या निर्णयामुळे सोडावे लागले. साठी ओलांडलेल्या माणसासाठी हा धक्का लहान नव्हता. पण पद गेले तरी गहुली, शेती आणि माणसे होती. १९७७ साली देशभर काँग्रेसविरोधी लाट असताना वाशीमच्या मतदारांनी त्यांना लोकसभेत पाठवले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस आज राज्यात कृषी दिन म्हणून पाळला जातो.

या आयुष्यातून घेण्यासारखे काय? एक, नकार एका गोष्टीला मिळतो, संपूर्ण माणसाला नाही. नोकरी, कर्ज, लग्नाचे स्थळ किंवा तिकीट नाकारले गेले, तरी शेती, मित्र, घर ही नाती उरतात. ज्याची ओळख एकाच खुंटीला टांगलेली असते, त्याला ती खुंटी निखळली की सावरणे जड जाते. दोन, ज्याने नाकारले त्याच्यावर राग काढल्याने किंवा दारूने दुखणे कमी होत नाही. दारूने झोप बिघडते आणि उदासी वाढते. तीन, लगेच हाती घेता येईल असे एखादे काम मनाला आधार देते.

आणि हे सारे एकट्याने करायचे नसते. भारतात आत्महत्या करणाऱ्यांत दर दहांपैकी सुमारे सात पुरुष असतात. झोप उडाली, भूक मेली, कशातच रस वाटेना आणि हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर डॉक्टरांना भेटा. जगणे नकोसे वाटू लागले तर एक दिवसही थांबू नका. टेली मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते. घरातला पुरुष गप्प झाला असेल, तर त्याच्याशेजारी बसून विचारपूस करा. सल्ला नंतर देता येईल, आधी त्याचे ऐकून घ्या.