ताराबाईंच्या अंगणातला अभ्यास

मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक (1892–1973) भावनगरला गिजुभाई बधेकांकडे बालशिक्षणात रमल्या. पण खरे काम पुढचे. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला केंद्र काढले. माँटेसरीची साधने महागडी, म्हणून शंख-शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने झाली. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली. पुढे कोसबाडला गुराख्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. अनुताई वाघ सोबत होत्याच. 1975 मध्ये सरकारने अंगणवाड्या सुरू केल्या. ते पाहायला ताराबाई नव्हत्या.

डॉक्टर म्हणून मला त्या अंगणाचेच मोल अधिक वाटते. बिया वेचताना नजर आणि बोटे यांचा मेळ बसतो, लंगडी घालताना तोल सावरतो. आपला डाव येईपर्यंत थांबणे, नियम ध्यानात ठेवणे ही मेंदूची कामेही तिथेच सरावतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसाला 180 मिनिटे हालचाल सांगितली, त्यातली 60 चांगली दमवणारी. चाकूरला ओपीडीत तीन वर्षांच्या लेकराचे आईबाप विचारतात, हे अक्षरं कधी गिरवील? मी आधी विचारतो, दिवसभरात पळतं किती?