बंदिवानांचा कैवारी : जॉन हॉवर्ड

१८८२ साली ‘केसरी’चे संपादक गोपाळ गणेश आगरकर ह्यांस लोकमान्य टिळकांसमवेत डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले व ती हकीकत त्यांनी लिहून प्रसिद्ध केली, हे वाचकांस विदित आहेच. तुरुंगाच्या भिंतीआड काय चालते ते लोकांपुढे मांडण्याचे कार्य त्यापूर्वी शंभर वर्षे इंग्लंडात एका सत्पुरुषाने केले होते. त्या जॉन हॉवर्ड ह्यांचे अल्पचरित्र आम्ही येथे सादर करीत आहोत.

हॉवर्ड ह्यांचा जन्म १७२६ सालचा. वडील सधन व्यापारी असल्याने त्यांस मोठी संपत्ती लाभली. १७५६ साली पोर्तुगालास जात असता त्यांचे जहाज फ्रेंचांच्या हाती सापडले आणि ब्रेस्ट येथील अंधारकोठडीत उपासमार सोसावी लागली. स्वदेशी परतताच त्यांनी मागे राहिलेल्या सोबत्यांच्या मुक्ततेसाठी खटपट केली.

१७७३ साली बेडफर्ड परगण्याचे शेरीफपद त्यांजकडे आले. इतरांस हे पद मानाचे. हॉवर्ड मात्र स्वतः तुरुंगात गेले. तेथे निर्दोष ठरलेली माणसेही कोंडलेली आढळली. तुरुंगाधिकाऱ्यास वेतन नसे. कैद्यांकडून फी घेऊन तो निर्वाह करी व फी न देणारास सोडीत नसे. त्यास पगार द्यावा, अशी विनंती हॉवर्ड ह्यांनी न्यायाधिकाऱ्यांस केली, तेव्हा त्यांनी पूर्वीचा दाखला मागितला. तो शोधण्यास हॉवर्ड शेजारच्या परगण्यांत हिंडले. दाखला मिळाला नाही. जेथे तेथे तोच अन्याय मात्र दिसला.

कोठडीची लांबीरुंदी, पाणी, भाकरी, कैद्यांची संख्या, फीचे दर, सारे ते वहीत टिपून घेत. वहीस इतकी दुर्गंधी येई की ती विस्तवापुढे धरल्यावाचून उघडवत नसे. तुरुंगातील ज्वराने मरणाऱ्यांची संख्या फाशी जाणाऱ्यांहून अधिक होती. १७७४ साली त्यांनी पार्लमेंटपुढे साक्ष दिली व त्याच वर्षी दोन कायदे झाले. निर्दोष कैद्यास फी न घेता तत्काळ सोडावे, हा एक. भिंतींस चुना द्यावा, आजाऱ्यांस निराळ्या खोल्या व वैद्य असावा, हा दुसरा. हे कायदे स्वखर्चाने छापून त्यांनी तुरुंगाधिकाऱ्यांस पाठविले.

परंतु कायदा झाला म्हणजे कार्य झाले, असे हॉवर्ड ह्यांनी मानले नाही. ते पुन्हा तुरुंगोतुरुंगी गेले, तो अनेक ठिकाणी कायदा कागदावरच राहिलेला! मग १७७७ साली इंग्लंड व वेल्समधील तुरुंगांच्या स्थितीवर त्यांनी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात अलंकार नाहीत. तुरुंगामागून तुरुंगाची मोजमापे आहेत, म्हणूनच तो कोणास खोडता आला नाही. १७७९ साली सुधारगृहांचा कायदा झाला. त्यातील योजिलेली गृहे हॉवर्ड ह्यांच्या हयातीत उभी राहिली नाहीत. तरी कैद्यास स्वच्छ जागा, काम व स्वतंत्र कोठडी द्यावी हे तत्त्व मान्य झाले.

पुढे युरोपातील तुरुंग व रुग्णालये पाहत त्यांनी सुमारे ४२,००० मैल प्रवास केला. १७९० साली खेर्सोन येथे ज्वराने त्यांचा अंत झाला. लंडनच्या सेंट पॉल मंदिरात सर्वप्रथम पुतळा बसला तो ह्यांचाच.

आपल्या ज्ञातीतील तरुण वकिली, सरकारी चाकरी वा लेखनव्यवसाय पत्करतील, त्यांस आमचे एवढेच सांगणे आहे : अन्यायाविषयी केवळ हळहळू नये, जाऊन पाहावे, मोजावे, लिहावे, आणि कायदा झाल्यावरही पुन्हा पाहावयास जावे.