शैलपुष्पांचा उपासक : रेजिनाल्ड फॅरर

रेजिनाल्ड फॅरर यांचा जन्म 1880 साली इंग्लंडात झाला. जन्मतःच टाळू दुभंगलेली असल्याने त्यांना स्पष्ट बोलता येत नसे; म्हणून बालपण शाळेऐवजी घरीच, यॉर्कशायरच्या डोंगरांत वनस्पती धुंडाळण्यात गेले. चौदाव्या वर्षीच त्यांनी पडक्या खाणीत शैलोद्यान रचले. उंच पर्वतांवरील इवल्या रोपांना ओल हवी, परंतु मुळाशी साचलेले पाणी सोसत नाही, हे त्यांनी जाणले व ग्रंथांतून लोकांस शिकविले. बियांच्या शोधार्थ 1914 मध्ये ते चीनच्या कान्सू प्रांतात गेले. 1920 मध्ये ब्रह्मदेशाच्या डोंगरांत, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले. इंग्लंडातील अल्पाइन गार्डन सोसायटीच्या प्रदर्शनांत सर्वोत्कृष्ट रोपास आजही फॅरर पदक मिळते. विद्यार्थिमित्रांनो, वाणीने साथ दिली नाही, तरी फुलांनी त्यांचे नाव राखले.