तीन-चार मिनिटांचा हंस

शिकवणीला येणाऱ्या मुलांत एखादा तरी असा निघतो, की आपला गळा कोणत्या जातीचा आहे हे न पाहता रेकॉर्डवरच्या गवयाची तान जशीच्या तशी काढू पाहतो. अशा वेळी मला आन्ना पाव्हलोवा आठवते.

ती १८८१ साली सेंट पीटर्सबर्गला जन्मली. आई लोकांचे कपडे धुऊन चरितार्थ चालवी. त्या माउलीने पोरीला एकदा मारिन्स्की नाट्यगृहात ‘स्लीपिंग ब्यूटी’ हा बॅले दाखविला आणि पोरीने तेथेच नाचण्याचा ध्यास घेतला. १८९१ मध्ये तिला बादशाही नृत्यशाळेत प्रवेश मिळाला. अंगाने अगदीच किडकिडीत. त्या सुमारास लेन्यानी नावाची इटालियन नर्तिका एका पायाच्या चवड्यावर लागोपाठ ३२ गिरक्या घेऊन प्रेक्षकांना थक्क करीत होती. आन्नानेही तो खटाटोप आरंभला. तिचे शिक्षक पावेल गेर्ट यांनी तिला थांबविले. कसरत इतरांसाठी सोड, तुझा नाजूकपणा हेच तुझे भांडवल, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. असा गुरू लाभणे हे भाग्यच म्हणायचे.

१९०६ मध्ये ती प्रमुख नर्तिका झाली. पुढे तिची जगभर ओळख झाली ती फोकीनने बसविलेल्या मरणाऱ्या हंसामुळे. साँ-साँसची चेलोवरची संथ चीज, आणि नाच उणापुरा तीन-चार मिनिटांचा. त्यात डोळे दिपविणाऱ्या उड्या नाहीत, गिरक्या नाहीत. चवड्यांवरची बारीक पावले आणि हळूहळू बळ हरपत जाणारे हात, एवढेच. मोजक्या स्वरांत राग उभा करावा तसे ते काम होते.

पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क पादाक्रांत झाल्यावर तिने स्वतःचा संच घेऊन सुमारे वीस वर्षे जग पालथे घातले. संगीताच्या निवडीत ती फारशी चोखंदळ नव्हती, हे मात्र कबूल केले पाहिजे.

१९२२-२३च्या दौऱ्यात ती हिंदुस्थानात आली, तेव्हा प्रतिष्ठित घरांनी नृत्याला उंबरठ्याबाहेर ठेवले होते. पुढे लंडनमध्ये चित्रकला शिकणाऱ्या उदय शंकरला तिने हाताशी धरले आणि १९२३ मध्ये कॉव्हेंट गार्डनला तो कृष्ण व ती राधा होऊन नाचली. त्याने बॅले शिकू नये, आपल्या देशाच्या नृत्याकडे वळावे, असेच तिचे म्हणणे पडले. १९२९ च्या सुमारास रुक्मिणीदेवी अरुंडेल तिच्या संचातील नर्तिकेकडून बॅले शिकू लागल्या, तेव्हा त्यांनाही तिने हेच सांगितले. रुक्मिणीदेवींनी १९३६ मध्ये मद्रासला कलाक्षेत्र काढले. गेर्टचा सल्ला असा फिरत फिरत आपल्याकडे पोहोचला.

ते पाहायला ती उरली नव्हती. दौऱ्यावर असताना हेग येथे फुप्फुसाच्या दुखण्याने २३ जानेवारी १९३१ रोजी ती वारली. पन्नाशीला तीन आठवडे उरले होते. दोनच दिवसांनी लंडनच्या एका प्रयोगात वाद्यवृंदाने हंसाची ती चीज वाजविली. पडदा वर गेला. रिकाम्या रंगमंचावर प्रकाशाचा झोत तेवढा होता, आणि प्रेक्षक उभे होते.