विश्लेषण : जात्यावरच्या एक लाख ओव्या जपणारा फ्रेंच माणूस कोण होता?

पहाटेची घरघर आणि तिच्यावर चढणारा ओवीचा सूर पिठाच्या गिरणीने गावागावांतून घालवला. खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा असो की मुळशीच्या डोंगरातली वाडी, सगळीकडे हेच झाले. तरीही महाराष्ट्रातल्या हजारांहून अधिक गावांतील बायांच्या एक लाखाहून जास्त ओव्या आज शाबूत आहेत. त्यातल्या काही त्यांच्याच आवाजात ऐकता येतात. या ठेव्यामागे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ ही दोन नावे प्रामुख्याने येतात. पॉइटवाँ यांचे निधन होऊन दोन दशके उलटली. त्यांच्या कामाचा उपयोग मात्र वाढतोच आहे. तो का, याचा हा आढावा.

गी पॉइटवाँ कोण होते?

त्यांचा जन्म १९३४ मध्ये फ्रान्समध्ये झाला. तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र हे त्यांच्या अभ्यासाचे विषय. १९७२ मध्ये ते भारतात आले आणि पुण्यात स्थिरावले. पुढे त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. मराठी ते नुसते बोलायला शिकले नाहीत, तर त्या भाषेतील दलित आत्मकथनांचे त्यांनी फ्रेंचमध्ये अनुवाद केले. दया पवार यांचे ‘बलुतं’ त्यांच्यामुळे फ्रेंच वाचकांपर्यंत पोहोचले. २००४ मध्ये पुण्यातच त्यांचे निधन झाले.

ओव्यांकडे ते कसे वळले?

पॉइटवाँ संगीताचे अभ्यासक म्हणून गावात गेले नव्हते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत काम केलेल्या अर्थशास्त्रज्ञ हेमा राईरकर यांच्यासोबत ते मुळशी, मावळ परिसरातील डोंगरी भागात गरिबांच्या संघटनेच्या कामात होते. दोघांनी पुण्यात ‘सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ ही संस्था उभी केली. संशोधन गावकऱ्यांवर न करता गावकऱ्यांसोबत करायचे, हे तिचे सूत्र नावातच आहे.

बायांच्या बैठकांत एक अडचण असे. सरळ प्रश्न विचारला की बाया गप्प बसत. पण ओवीचा विषय निघाला की माहेर, सासर, नवऱ्याचा जाच, मुलीचा जन्म, भावाची माया असे सारे बाहेर पडे. जे बोलता येत नाही ते ओवीत गाता येते, हे दोघांच्या ध्यानात आले. तिथून १९८० च्या दशकात संकलनाला सुरुवात झाली.

जात्यावरच बाया मोकळ्या का होत?

दळणाचे काम पहाटेचे. घरातले पुरुष झोपलेले, सासू दुसऱ्या खोलीत. जात्याच्या खुंट्याला एक किंवा दोघींचे हात. घरघरीत आवाज बुडून जाई आणि कष्टही हलके होत. त्यामुळे जाते ही बाईच्या हक्काची जागा बनली. ही परंपरा फार जुनी आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील बाया कांडताना ओव्या गातात, अशी नोंद आढळते.

याआधी कुणी ओव्या जमवल्या नव्हत्या का?

जमवल्या होत्या. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’ या संग्रहातून बायांच्या ओव्या छापून आणल्या. डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या माध्यमातून मोठे काम केले. खानदेशात बहिणाबाई चौधरींची गाणी मुलाने उतरवून ठेवली, म्हणून १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. पण हे सारे कागदावरचे. सूर, ठेका, मध्येच घेतलेला दम, ओळ परत म्हणण्याची रीत या गोष्टी कागदावर उतरत नाहीत.

मग पॉइटवाँ–राईरकर यांचे वेगळेपण काय?

पहिले, संकलन करणारे बहुतांशी गावातलेच कार्यकर्ते होते. गाणाऱ्या बाईला समोर बसलेला माणूस परका वाटत नसे. दुसरे, प्रत्येक ओवीसोबत गाणारीचे नाव, गाव आणि विषय यांची नोंद झाली. लोकगीताचा कवी अज्ञात असतो, असे म्हणून गाणारीला पुसून टाकण्याची जुनी सवय इथे मोडली. तिसरे, निवड केली नाही. सीतेचा वनवास, विठोबाची वारी यांच्या शेजारीच नवऱ्याच्या मारहाणीच्या आणि पोटच्या मुलीबद्दलच्या घालमेलीच्या ओव्याही तितक्याच आदराने ठेवल्या.

चौथे म्हणजे आवाज. १९९० च्या दशकात फ्रान्समधील संगणक व संगीत अभ्यासक बर्नार्ड बेल या कामात आले. त्यांनी ओव्यांचा संगणकीय माहितीसाठा उभा केला आणि गाणी व त्यावरच्या गप्पा मिळून १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झाले. बीड जिल्ह्यातील माजलगाव येथे १९९६ मध्ये मुद्रित झालेल्या ओव्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आहेत. याचा अर्थ ओवी ही जुनी, गोठलेली वस्तू नव्हती. बाया आपल्या काळातला बदल त्याच चालीत बांधत होत्या.

या पद्धतीला मर्यादा नाहीत का?

आहेत. एक लाख ओव्या लिहिल्या गेल्या, पण त्यांतील थोड्याच मुद्रित झाल्या. बाकीच्यांचा सूर गाणारींसोबत गेला. शिवाय माइकपुढे बसून गाणे आणि अंधारात दळताना गाणे यात फरक पडतोच. संकलनाचा मोठा भर पुणे जिल्ह्याच्या डोंगरी पट्ट्यावर आणि मराठवाड्यावर राहिला. वऱ्हाडी बोलीतल्या ओव्या, भुलाबाईची गाणी, पोळ्याच्या झडत्या यांचे याच तोडीचे काम इथल्या लोकांनाच करावे लागेल.

त्यांच्या पश्चात या ठेव्याचे काय झाले?

अनेक संग्राहकांच्या फिती त्यांच्यामागे माळ्यावर खराब होतात. इथे तसे झाले नाही. ध्वनिमुद्रणे गुरुग्राम येथील लोकसंगीत अभिलेखागारात आणि नंतर फ्रान्समधील भाषा-संग्रहात ठेवली गेली. पत्रकार पी. साईनाथ यांनी स्थापन केलेल्या ‘पारी’ने, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने, मार्च २०१७ पासून या ओव्या आवाज, मराठी पाठ आणि भाषांतरासह लोकांपुढे आणायला सुरुवात केली. जुन्या टीममधले काही जण त्यातही होते. ते पुन्हा गावांत गेले, तेव्हा काही गायिका भेटल्या, काहींच्या घरी फक्त लेकी-सुना होत्या. आईचा किंवा आजीचा आवाज घरच्यांना परत मिळाला, हा या कामाचा कुठल्याही शोधनिबंधात न मावणारा परिणाम आहे.

अभ्यासकांनाही याचा उपयोग झाला. ग्रामीण बाई काय विचार करते, हे इतरांनी सांगण्याऐवजी तिच्याच शब्दांत तपासण्याची सोय झाली. पॉइटवाँ आणि राईरकर यांचे ‘स्टोनमिल अँड भक्ती’ हे १९९६ चे पुस्तक याच ओव्यांवर उभे आहे.

पिंपळगाव राजासारख्या गावाने यातून काय घ्यावे?

गिरणी येण्याआधी रोज जात्यावर दळलेल्या बाया आज सत्तरी-ऐंशीत आहेत. लग्नात हळदीचे जाते पुजताना किंवा घरी डाळ भरडताना त्यांच्या तोंडून दोन-चार ओव्या अजून निघतात. आणखी दहा वर्षांनी त्या ऐकायला मिळतीलच असे नाही. तेव्हा लागत असलेले महागडे यंत्र आता प्रत्येक घरातल्या मोबाइलमध्ये आहे. हवी ती शिस्त.

ही शिस्त पॉइटवाँ यांच्या कामातून शिकता येते. आधी आजीची परवानगी घ्यावी. मुद्रणाच्या सुरुवातीला तिचे नाव, गाव, माहेर आणि तारीख बोलून घ्यावी. ही ओवी कुणाकडून शिकली, केव्हा म्हणायचे, हे विचारावे. गाण्याआधीच्या आणि नंतरच्या गप्पा कापू नयेत. उतरवताना ‘मले’, ‘तुले’ यांचे ‘मला’, ‘तुला’ करू नये. ओळ विसरली तर आपण भरू नये. मुद्रण एकाच फोनमध्ये न ठेवता शाळेत, ग्रंथालयात आणि तिच्या घरच्यांकडेही प्रत द्यावी.

पॉइटवाँ परक्या देशातून आले आणि मराठी बायांचे गाणे ही ज्ञानाची गोष्ट आहे, असे मानून राहिले. आपल्या घरातल्या आजीबद्दल तेवढे मानायला आपल्याला सात समुद्र ओलांडावे लागत नाहीत. तिच्याजवळ अर्धा तास बसावे लागते.