नांगर विकता विकता शाळा काढणारे भाऊराव

मिरज तालुक्यातील दुधगावात १९१० साली खेड्यातल्या पोरांसाठी विद्यार्थी आश्रम निघाला. तो काढणाऱ्या तरुणांत भाऊराव पायगोंडा पाटील होते. पुढे कर्मवीर म्हणून सारा महाराष्ट्र त्यांना ओळखू लागला, पण सुरुवात आपल्या या वारणाकाठची, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, आजोळी कुंभोजला. मूळ गाव वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहून शिकले खरे, पण मॅट्रिकपर्यंत काही मजल गेली नाही. मग किर्लोस्करांचे लोखंडी नांगर खपवत गावोगाव हिंडले. नांगर घेणारा शेतकरी भेटे, पण त्याच्या पोराला गावात शाळा नसे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली.

१९२४ साली साताऱ्याला वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, सगळी पोरं एका पंगतीला. त्या काळी हे सोपे नव्हते. गावात टीका व्हायची. पाणी भरणे, लाकडे फोडणे, भाकरी थापणे ही कामे मुलेच पाळीपाळीने करीत. एकदा धान्य संपले तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. १९३० साली त्या वारल्या. त्यांचे सोने बोर्डिंगच्या पोरांच्या पोटात गेले होते. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव मिळाले होते.

१९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. फीऐवजी मुलांनी कष्ट करायचे, हीच ‘कमवा आणि शिका’ योजना. हातात कुदळ आणि काखेत पुस्तक, असा तिथला विद्यार्थी.

गांधीजींच्या निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. त्याच सुमारास, १९४८ मध्ये, मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. शाळा मात्र बंद पडल्या नाहीत. लोकांनी धान्य दिले, पैसा दिला, आणि पुढे अनुदानही परत सुरू झाले. शंभरावर हायस्कुले झाली, ती अशी.

मॅट्रिक न झालेल्या या माणसाला १९५९ साली पुणे विद्यापीठाने डी.लिट्. दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.